समुद्र मागं गेला म्हणून सासरे ओरडले, खरंच त्सुनामी अशीच येते का?

शहापूरची_सून

नमस्कार सगळ्यांना. मी बेळगावात शहापूरला राहते, मुलगा नववीला हाय, मराठी मीडियम. गेल्या रविवारी आम्ही सगळी घरची कारवारला गेलतो, सासरे पण होते, त्यांचं वय ७४ आणि समुद्र आयुष्यात चार-पाच वेळाच बघितलेला. सकाळी गेलो तेव्हा पाणी पार सुरूच्या झाडांच्या जवळ होतं, मग जेवून परत येऊन बघतो तर पाणी कुठल्या कुठं मागं गेलेलं, नुसती ओली वाळू नि त्यावर खेकड्यांनी काढलेल्या गोळ्यांची रांगोळी. मामंजी एकदम ताडकन उठले नि मोठ्यानं ओरडायला लागले, "पोरांनो वर चला, समुद्र आत ओढलाय, त्सुनामीत असंच दाखवलंतं टीव्हीवर." सगळा बीच बघायला लागला. चहावाला म्हणतो, "अज्जा, ओहोटी हाय ती, संध्याकाळी येतंय परत." पोरगं पोट धरून हसलं, मामंजी गप्प झाले ते बेळगाव येईपर्यंत बोलले नाहीत.

खरं आता तेच पोरगं मला प्रश्न विचारून हैराण करूलाय कारण त्याला ह्याच विषयावर प्रोजेक्ट घ्यायचं सुचलंय. पुस्तकात चार ओळी हायत, समुद्रात भूकंप होतो नि मोठ्या लाटा येतात, संपलं. तो म्हणतो मग कोयनेला, किल्लारीला भूकंप झाला तेव्हा का नाही आली, आणि सुमात्रात हललं तर मद्रासला पाणी कसं काय पोचलं वाटेत विरघळून का नाही गेलं, आणि मधी समुद्रात जे कोळी होते त्यांना कळलंच नाही म्हणतात ते कसं काय शक्य हाय, एवढी मोठी लाट खालनं गेली नि कळलं नाही? आणि शेवटचा प्रश्न माझा स्वतःचा, गोवा-कारवार साइडला येऊ शकते का? आम्ही वर्षातनं दोनदा तरी जातो. कुणाला नीट माहिती असली तर साध्या भाषेत सांगा प्लीज.

वडगाव_शिवार

ताई बेळगाव समुद्रापासनं साडेसातशे मीटर उंचावर हाय, तुम्ही निवांत कुंदा खावा. आम्हाला त्सुनामी कशाला पायजे, बळ्ळारी नाला दरवर्षी भात बुडवतोय तेवढा पुरे हाय 😀

मामंजींना मात्र हसू नका. माणूस ओरडला ते बरोबरच केलं.

निवृत्त_भूगोल

वडगावकर गमतीत बोलले खरे, पण दुसरं वाक्य लाख मोलाचं बोलले. मी ३१ वर्षं हायस्कूलला भूगोल शिकवला, खानापूर तालुक्यात. मुलाच्या प्रश्नांची उत्तरं देतो, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी ओहोटी. ओहोटीला पाणी उतरायला सहा तास लागतात, हळूहळू, चहावाल्याला रोजचं वेळापत्रक पाठ असतं. त्सुनामीच्या आधी जेव्हा पाणी मागं जातं तेव्हा ते पाच-दहा मिनिटांत जातं, आणि इतकं जातं की रोजच्या ओहोटीला कधी न दिसणारे खडक उघडे पडतात, मासे तडफडत राहतात, बोटी कलंडतात. तुमच्या सासऱ्यांनी जेवणाआधी आणि जेवणानंतर बघितलं, मधले दोन-तीन तास बघितलेच नाहीत, म्हणून त्यांना ते एकदम झाल्यासारखं वाटलं. चूक नजरेची नाही, जेवणाची आहे.

आता भूकंप. कोयना (११ डिसेंबर १९६७) आणि किल्लारी (३० सप्टेंबर १९९३) हे जमिनीवरचे, समुद्रापासून आत. त्सुनामीला समुद्राचा तळ हलावा लागतो, आणि नुसता हलून भागत नाही, तो वरखाली हलावा लागतो. सुमात्राजवळ भारताकडची प्लेट (म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा भला मोठा तुकडा) शेजारच्या प्लेटच्या पोटाखाली दरवर्षी काही सेंटीमीटर सरकत असते. घरात गादीखाली चादर खोचताना कधी कधी गादीची कड चादरीबरोबर आत मुडपते बघा, आणि जास्त ओढलं की फटकन सुटून वर येते. तसंच. वरच्या प्लेटची कड शेकडो वर्षं खाली मुडपत जाते आणि एक दिवस सुटते. २६ डिसेंबर २००४ ला सकाळी आपल्या घड्याळात साडेसहाला एक-दोन मिनिटं कमी असताना ती सुटली. भूकंप ९.१ चा. आणि तो एका ठिकाणी झाला असं समजू नका, भेग सुमात्रापासून अंदमानपर्यंत बाराशे-तेराशे किलोमीटर फाटत गेली, म्हणजे बेळगावहून सरळ रेघ मारली तर जयपूर येईल. फाटायलाच आठ-दहा मिनिटं लागली. तेवढ्या पट्ट्यावरचा तळ कुठं काही मीटर वर आला, कुठं खाली गेला, आणि त्याच्यावर जो किलोमीटरच्या किलोमीटर उंचीचा पाण्याचा खांब उभा होता तो पण तेवढाच उचलला गेला. ते उचललेलं पाणी परत सपाट व्हायला दोन्ही बाजूंना धावतं. हीच त्सुनामी.

आडवा भूकंप असला तर? ११ एप्रिल २०१२ ला त्याच सुमात्राच्या बाहेर ८.६ चा भूकंप झाला, चेन्नईत लोक ऑफिसातून रस्त्यावर आले, इशारे निघाले, पण मोठी त्सुनामी आली नाही कारण जमिनीचे तुकडे एकमेकांना घासून बाजूला सरकले, पाणी उचललंच गेलं नाही. मुलाला पाण्याच्या टबात पोळपाट बुडवून दाखवा. पाण्याखाली पोळपाट आडवा सरकवला तर वर फारसं काही होत नाही, एक कड उचलली की सगळं पाणी टबाबाहेर. (फरशी पुसायची तयारी ठेवा.)

भूकंपाशिवाय पण येते. क्राकाटोआ ज्वालामुखी २७ ऑगस्ट १८८३ ला फुटला तेव्हा छत्तीस हजारांवर माणसं मेली ती बहुतेक पाण्यानं मेली, लाव्ह्यानं नव्हे. आणि अलास्कात १९५८ साली अख्खा डोंगरकडा एका अरुंद खाडीत कोसळला तेव्हा समोरच्या उतारावरची झाडं ५२४ मीटर उंचीपर्यंत सोलून निघाली. पण असल्या दरडीच्या लाटा जागच्या जागी भयंकर असतात, लांब जात नाहीत. लांब जाते ती तळ उचलला गेलेली.

शहापूरची_सून

सर खूप खूप धन्यवाद, गादीचं उदाहरण एकदम बसलं डोक्यात. खरं ते लांब जाते ते का? आणि कोळ्यांना कळलं नाही ते? मुलगा शेजारी बसून वाचूलाय.

पीयूसी_सायन्स_२

मॅडम हे मी सांगतो कारण आमचं आत्ताच वेव्हज चॅप्टर झालंय 🙂

साधी लाट वाऱ्यानं होते, ती फक्त वरच्या वर असते, शे-दीडशे मीटर खाली गेलं की पाणी शांत. त्सुनामीत वरपासून तळापर्यंत सगळं पाणी हलतं, म्हणून तिचा स्पीड खोलीवर ठरतो. फॉर्म्युला एकदम सिम्पल, गुरुत्वाकर्षण गुणिले खोली आणि त्याचं वर्गमूळ. समुद्र ४००० मीटर खोल असला तर ९.८ गुणिले ४००० म्हणजे ३९२००, वर्गमूळ १९८, म्हणजे सेकंदाला १९८ मीटर, म्हणजे ताशी ७१३ किलोमीटर. सांबऱ्याहून उडणाऱ्या विमानाच्या जवळपास. किनाऱ्याजवळ खोली १० मीटर राहिली की तोच हिशोब ताशी ३६ किलोमीटरवर येतो, म्हणजे खानापूर रोडला ट्रॅफिकमधली स्कूटी.

आता खरी गंमत ही आहे. समजा एक लाट जाऊन दुसरी यायला २० मिनिटं लागतात (त्सुनामीत दहा मिनिटांपासून तासापर्यंत काहीही असतं). २० मिनिटं म्हणजे १२०० सेकंद, गुणिले १९८, म्हणजे एका लाटेची लांबी जवळजवळ २३८ किलोमीटर!! आणि उंची? २००४ ला भूकंपानंतर दोन तासांनी एक सॅटेलाइट योगायोगानं वरून गेला, त्यानं मोजली तर भर समुद्रात जेमतेम ६० सेंटीमीटर. आता २३८ किलोमीटर लांबीत ६० सेंटीमीटर चढ, तो पण दहा मिनिटांत हळूच वर आणि दहा मिनिटांत खाली. बोटीत बसलेल्या माणसाला काय डोंबल कळणार, त्याच्या बोटीला तर साध्या लाटा मीटरभर हलवत असतात.

आणि विरघळत नाही कारण एवढी लांब लाट तळाशी घासून फार एनर्जी घालवतच नाही. सोमालियापर्यंत गेली २००४ ची, सात-एक तासांत, आणि तिथं पण माणसं मेली.

वडगाव_शिवार

मग ६० सेंटीमीटरची ३० फूट कशी होते भावा?

पीयूसी_सायन्स_२

चोर्ला घाट आठवा काका. ट्रकांची लाइन घाटाखाली सपाटीला ६० नं येऊलालीय, पहिला ट्रक चढाला लागला नि १० वर आला, मागचे अजून ६० नंच येऊलाल्यात. काय होणार, सगळे एकमेकांना चिकटणार. लाटेचं पुढचं तोंड उथळ पाण्यात येऊन स्लो होतं, शेपटी अजून खोल समुद्रात पळत असते. २३८ किलोमीटरची लाट दाबून दाबून १२ किलोमीटरची होते, आणि पाणी कुठं जाणार, वर चढतं. नुसत्या खोलीच्या हिशोबानं चार-साडेचार पट होते, त्यावर खाडी निमुळती असली, किनाऱ्याचा आकार फनेलसारखा असला की अजून.

खरं १२ किलोमीटर हा आकडा बघा मॅडम, किनाऱ्यावर आल्यावर सुद्धा. साधी लाट दहा-बारा सेकंदांत येते नि जाते. ही लाट दहा मिनिटं नुसती येतच राहते.

निवृत्त_भूगोल

शाब्बास. हेच मुलानं प्रोजेक्टमध्ये मोठ्या अक्षरात लिहावं. चित्रकार सगळे त्सुनामी म्हणून एक उंच वळलेली लाट काढतात, फेसाचं टोक वगैरे. तसं बहुतेक वेळा नसतंच. आपल्या भागातल्या माणसाला कळेल असं सांगायचं तर २०१९ च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं ते आठवा. ती लाट होती का? नाही, पाणी नुसतं चढत होतं, थांबत नव्हतं. त्सुनामी म्हणजे तो पूर, पण दोन दिवसांत नाही तर दहा मिनिटांत, समुद्राकडून उलटा चढणारा, आणि मग तितक्याच जोरानं मागं ओढणारा. उंचीपेक्षा लांबीचा धोका आहे.

शब्द पण तसाच आहे. जपानीत त्सु म्हणजे बंदर, नामी म्हणजे लाट. कोळी दिवसभर समुद्रात, त्यांना काही कळलेलं नाही, संध्याकाळी परत येतात तर बंदर नाही. म्हणून बंदरातली लाट.

निपाणीचा_गलाई

हितं सगळे हिशोब मांडूलाल्यात म्हणून लिव्हतो, न्हाईतर मी कधी लिव्हत न्हाई ह्या गोष्टीवर.

मी निपाणी साइडचा. २००२ ते २००७ नागपट्टणमला मामाच्या गलाईच्या दुकानात हुतो, मामा आटपाडीकडचा, त्यांच्याकडची माणसं अख्ख्या दक्षिणेत सोनं गाळायचं काम करत्यात. मी तवा १९ वर्षांचा. रविवार हुता, नाताळचा दुसरा दिवस, पौर्णिमा बी हुती. भट्टी पेटवली नव्हती. सकाळी नऊच्या आसपास मी केळीची पानं आणायला बाहेर पडलो तर समोरनं माणसं पळत यायल्यात, तमिळमधी काय वरडत्यात ते मला पहिल्यांदा कळलंच न्हाई, मला वाटलं मारामारी झाली.

आवाज लाटंचा नव्हता. लाकूड मोडायचा आवाज हुता. बोटी एकमेकांवर, बोटी घरांवर, घरं खांबांवर, सगळं एकदम मोडत येत हुतं, त्यामागं काळं पाणी. निळं न्हाई, काळं, चिखल आणि डिझेलचा वास. आमच्या गल्लीत आलं तवा आधी घोट्यापतूर, मला वाटलं बस, एवढंच, तवर मांडीला, तवर कमरंला. मी एका घराच्या जिन्याला धरलं नि वर गेलो. थांबंचना ते. पीयूसीवाला म्हणतोय ते दहा मिनिटं येतच राहते ते बरोबर हाय, मला तर तास झाल्यासारखं वाटलं.

आणि एक गोष्ट. सगळीकडं सांगत्यात की आधी समुद्र मागं जातो मग लाट येती. आमच्याकडं पहिल्यांदा मागं गेला न्हाई. सरळ आलं. पहिलं पाणी उतरलं तवा मग मागं गेला, लई लांब गेला म्हणून बंदराकडची माणसं सांगत हुती. तवा कितीतरी माणसं परत खाली गेली, कुणी पोरं शोधायला, कुणी कपाटातलं सोनं काढायला, कुणी नुसतं बघायला. मग दुसरं आलं.

येताना पाण्यानं मारली त्यापेक्षा जाताना जास्त नेली असं मला वाटतं. येताना भिंतीला टेकता येतं, जाताना पायाखालनं सगळंच जातं.

मामाच्या दुकानात पाणी छातीला लागलंतं. चिखल काढून झाल्यावर मामानं खिळ्यानं भिंतीवर रेघ मारली पाण्याच्या उंचीला, दुकान विकलं तवा बी ती रेघ तशीच हुती. मुशीत वाळू भरलेली निघाली. बोअरचं पाणी खारट झालं, कितीतरी दिवस चहा खारट लागायचा. अक्कराईपेट्टाई म्हणून कोळ्यांचं गाव हाय पुलापलीकडं, तिथलं मी काय सांगत न्हाई.

शहापूरची_सून

दादा काय बोलू. मुलाला वाचून दाखवलं, तो उठून आजोबांच्या खोलीत गेला.

निवृत्त_भूगोल

गलाईवाले, तुम्ही जे बघितलं ते शास्त्रानंही तसंच आहे, आणि हे पुष्कळ जणांना माहीत नसतं म्हणून लिहितो. भेगेच्या पूर्वेला, म्हणजे थायलंडकडे, तळ खाली बसला, म्हणून तिथं आधी पाणी ओसरलं मग लाट आली. पश्चिमेला, म्हणजे श्रीलंका आणि आपला पूर्व किनारा, तळ वर उचलला गेला त्या बाजूला, म्हणून तिथं बहुतेक ठिकाणी आधी पाणी चढलं. थायलंडच्या फुकेतला एका दहा वर्षांच्या इंग्लिश मुलीनं पाणी विचित्र दिसतंय म्हणून ओळखलं, दोनच आठवडे आधी शाळेत भूगोलाच्या तासाला शिकली होती, आईबापांना ओरडून ओरडून सगळा बीच रिकामा करायला लावला आणि तिथं कुणी मेलं नाही. (भूगोलाच्या मास्तरांना पगार कशाचा देतात विचारणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) पण तीच मुलगी नागपट्टणमला असती तर मागं जाणाऱ्या पाण्याची वाट बघत बसली असती. म्हणून पाणी मागं गेलं तर पळाच, पण नाही गेलं म्हणजे धोका नाही असं नाही.

भरवशाची खूण एकच, किनाऱ्यावर असताना जमीन जोरात आणि बराच वेळ हलली, उभं राहता येत नाही इतकी, तर सायरनची वाट बघायची नाही. सुमात्राच्या अगदी जवळ सिमेउलुए नावाचं बेट आहे. १९०७ साली तिथं त्सुनामी आली होती, त्यानंतर आज्यांनी नातवंडांना गोष्टीत, गाण्यात सांगून ठेवलं, जमीन हलली आणि समुद्र हटला की टेकडीवर पळायचं, त्याला त्यांच्या भाषेत स्मोंग म्हणतात. २००४ ला पहिली लाट त्यांच्याकडं आठ-दहा मिनिटांत पोचली, कुठला इशारा नाही, फोन नाही. बेटावर सत्तर हजारांवर लोक, मेले सात. आणि समोर सुमात्राच्या आचे प्रांतात लाखावर गेले.

वडगाव_शिवार

पौर्णिमा हुती म्हणाले गलाईवाले. मग पौर्णिमेला येते म्हणायचं का? आमच्याकडं एक जण छातीठोक सांगतो अमावस्या-पौर्णिमेलाच येते.

निवृत्त_भूगोल

नाही हो. भरती चंद्रानं येते, त्सुनामी चंद्रानं येत नाही. किल्लारीला पण त्या दिवशी अनंत चतुर्दशीची रात्र सरलेली होती म्हणून लोकांनी काय काय जोडलं. एवढंच खरं की त्सुनामी भरतीच्या वेळी आली तर ती भरतीच्या उंचीवर चढून येते, ओहोटीला आली तर तेवढं पाणी कमी.

सदाशिवगड_तांडेल

कारवारच्या पुलापलीकडचा हाय मी, घरी कोंकणी-मराठी दोन्ही. सगळे बेळगाववाले आमच्याकडं रविवारी येतात आणि बांगडा खाऊन जातात म्हणून उत्तर द्यायला पाहिजे 😀

ताई तुमचा खरा प्रश्न तो होता की इकडं येईल का. येऊ शकते, पण आपल्या किनाऱ्याजवळ समुद्राखाली सुमात्रासारखी भेग नाही. आमच्यासाठी धोका आहे तो मकरानचा, पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्याबाहेर, तिथं अरबी समुद्राचा तळ वरच्या प्लेटखाली जातो. २८ नोव्हेंबर १९४५ ला पहाटे तिथं ८.१ चा भूकंप झाला, आणि मुंबईत सकाळी पाणी साधारण दोन मीटर चढलं, वर्सोवा-जुहूकडं माणसं वाहून गेली. म्हणजे पश्चिम किनाऱ्याला काहीच होत नाही हे खोटं. पण कारवारपासून ते ठिकाण दीड हजार किलोमीटरच्या वर, म्हणजे दोन-तीन तास तरी हातात मिळतात, आचेसारखी पंधरा-वीस मिनिटं नाहीत. आणि २००४ ची सुमात्राची लाट श्रीलंकेला वळसा घालून केरळात आली, कोल्लमजवळ आलप्पाड म्हणून एक पट्टी आहे, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कालवा, तिथं शंभरावर लोक गेले. लोकांना वाटतं आडोसा आहे म्हणजे सुटलो. लाट कोपऱ्यावरून वाकते.

आता इशाऱ्याचं. २००४ ला भारतात काहीच यंत्रणा नव्हती, भूकंप साडेसहाला आणि पाणी नऊला, अडीच तास होते, सांगणारं कुणी नव्हतं. २००७ पासून हैदराबादला इन्कॉइसमध्ये (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) सेंटर आहे, समुद्राच्या तळाशी दाबाचे सेन्सर ठेवलेत, वरचं पाणी काही सेंटीमीटर जरी चढलं तरी तळाला दाब कळतो, म्हणजे बोटीला कळत नाही ते त्याला कळतं. भूकंप झाल्यावर साधारण दहा मिनिटांत पहिला निरोप निघतो.

खरं एक विनंती बेळगाव-खानापूरच्या ग्रुपवाल्यांना. जून ते ऑगस्टमध्ये इन्कॉइस उंच लाटांचा इशारा देतं, ते उधाणाचं असतं, लांब कुठंतरी वादळ झालेलं असतं त्याच्या लाटा. ते तुम्ही त्सुनामी म्हणून फॉरवर्ड करता. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा पण केलं. वादळाचं पाणी वारा ढकलतो, दोन दिवस आधी दिसतं, वेगळं प्रकरण आहे. उगाच चारदा लांडगा आला म्हणून झालं की पाचव्या वेळी कुणी हलणार नाही.

आणि बोटीवाल्यांसाठी उलटा नियम. तुम्ही पळता समुद्राकडून, आम्ही बोटीत असलो तर पळतो खोल समुद्राकडं. बंदरात यायचं नाही. बाहेर खोल पाण्यात ती जेमतेम पाळण्यासारखी जाते, बंदरात बोटीचे तुकडे करते. वडिलांना हे पटायचं नाही, म्हणायचे वादळ आलं की बंदर.

पीयूसी_सायन्स_२

काळी नदीच्या तोंडाला कांदळवन आहे ना तुमच्याकडं, ते अडवत नाही का?

सदाशिवगड_तांडेल

अडवत नाही, दमवतं. दाट आणि रुंद पट्टा असला तर जोर कमी होतो, बोटी-ओंडके अडकतात, माणसाला धरायला फांदी मिळते. दहा मीटरची आली तर झाडं पण तिच्याबरोबर. जपानात २०११ ला एवढ्या मोठ्या भिंती होत्या काँक्रीटच्या, वरून गेली, एका खाडीत तर उतारावर चाळीस मीटर उंच चढली.

निवृत्त_भूगोल

आणखी एक, नकाशा काढणार असेल तर. त्या दिवशी भूकंपात ग्रेट निकोबारचं इंदिरा पॉइंट, म्हणजे देशाचं दक्षिण टोक, सव्वाचार मीटर खाली बसलं. तिथला लाइटहाऊस आधी जमिनीवर होता, नंतर त्याचा पाया पाण्यात. पाणी आलं आणि गेलं नाही तिथं, जमीनच गेली. मुलानं नकाशात तेवढा ठिपका लाल करावा.

निपाणीचा_गलाई

शेतीचं कुणी इचारलं न्हाई. मी शेतकऱ्याचा पोरगा म्हणून बघितलंतं. भात उभं हुतं, मिठाचं पाणी बसलं नि आठवड्यात पिवळं पडलं. वर काळा गाळ हुता तो खरवडून काढावा लागला, मग बांध घालून पावसाचं गोडं पाणी साठवायचं नि सोडून द्यायचं, परत साठवायचं, मीठ धुवून काढायचं. काहींनी धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरून गाडला. पाऊस चांगला झाला म्हणून लवकर सुधारली पुष्कळ ठिकाणी. समुद्राची गोष्ट कोळ्यांची म्हणून सांगत्यात सगळे, खरं आत दोन-दोन किलोमीटरवर ज्यांनी समुद्र कधी धरला न्हाई त्यांचंबी गेलं.

शहापूरची_सून

आज पोळपाटाचा प्रयोग केला. आंघोळीच्या मोठ्या टबात एका टोकाला घमेल्यात वाळू भरून उतार केला, त्यावर पोरानं काड्यापेटीची घरं मांडली, दुसऱ्या टोकाला पोळपाट बुडवला. पहिल्यांदा आडवा सरकवला, घरं जागेवर. मग एक कड हळूच उचलली तर मधी पाणी हललेलं दिसलं पण नाही नि वाळूवर चढून दोन काड्यापेट्या खाली घेऊन गेलं. पोरगं ओरडलं, "आई मधी काहीच दिसलं नाही!" तिसऱ्यांदा जोरात उचलला नि बाथरूम ते स्वयंपाकघर पाणी. सासूबाई पोळपाट बघून जे बोलल्या ते इथं लिहिता येत नाही.

मामंजी खुर्ची घेऊन दारात बसून सगळं बघत होते. म्हणाले दुसरं पाणी येस्तोवर घरं परत मांडू नको. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना, पोरानं निपाणीच्या दादांचं वाचून दाखवलेलं तेवढंच. दिवाळीच्या सुट्टीत परत कारवारला जायचं म्हणूलाल्यात, तांडेलदादा ओहोटीचा टायमिंग सांगून ठेवा.

सदाशिवगड_तांडेल

सांगतो. तारीख कळवा. आणि गाडी लावताना तोंड रस्त्याकडं करून लावा.